पुरात बुडालेली विहीर पुन्हा पिण्यायोग्य करताना

पूर ओसरला की टीसीएल (ब्लीचिंग) पावडरची गोणी फुटते आणि थेट गढूळ विहिरीत रिकामी होते. ती वायाच जाते. पावडरमधलं क्लोरीन आधी गाळ, शेण-कचरा आणि कुजका पाला यांतच खर्ची पडतं, जंतूंसाठी उरत नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कृष्णा-पंचगंगेकाठी बुडाल्या तशा विहिरींसाठी क्रम एकच: उपसा, घासणी, मग पावडर.

उपशाची घाई नको. भोवतालची जमीन अजून पाण्याने फुगलेली असते. विहीर एकदम रिकामी केली तर बाहेरच्या दाबाने बांधकाम आत ढासळू शकतं. थोडं उपसा, थांबा, कडेच्या भेगा बघा. डिझेल इंजिन काठापासून लांब ठेवा, आत तर कधीच उतरवू नका. विहिरीत दिवा सोडून हवा पाहण्याची जुनी रीत इंजिनाच्या धुरातला विषारी कार्बन मोनॉक्साइड ओळखत नाही. गाळ काढणाऱ्याच्या कमरेला दोर हवा आणि वर ओढायला माणसं.

भिंती घासून झाल्या की विहीर भरू द्या, पाणी निवळू द्या. मग मोजमाप. व्यास ४ मीटर, पाणी ५ मीटर खोल असेल तर ३.१४ × ४ × ४ × ५ ÷ ४, म्हणजे सुमारे ६३ घनमीटर, अर्थात ६३,००० लिटर. ताज्या, ३३ टक्के क्लोरीनच्या पावडरची पुरानंतरची मात्रा हजार लिटरला ६० ग्रॅम धरा. इथे पावणेचार किलोच्या आसपास. ओल लागलेली किंवा उघडी राहिलेली पावडर निम्मीसुद्धा ताकदीची नसू शकते, तेव्हा तारीख आणि गोणी दोन्ही तपासा.

आधी थोड्या पाण्यात लगदा करा, पिंपात पातळ करा, दहा मिनिटं थांबा. वरची निवळीच विहिरीत जाते. खालचा चुना टाकून द्यायचा. निवळीची बादली पाण्याखाली सोडून जोरात हिसके द्या, नाहीतर क्लोरीन वरच्या थरातच राहतं. हातमोजे घाला, वाऱ्याकडे पाठ ठेवा.

रात्रभर कुणी शेंदू नये. सकाळी ओटी टेस्टमध्ये (ऑर्थोटोलिडिन टाकून रंगावरून क्लोरीन मोजण्याची चाचणी) क्लोरीन ०.२ ते ०.५ पीपीएमवर (लिटरला मिलिग्रॅम) येईपर्यंत उपसा. हे पाणी ओढ्यात किंवा मासळीच्या तळ्यात सोडू नका. पुढे रोज हजार लिटरला अडीच ग्रॅम पावडर, आणि शेंदण्याआधी तासभर थांबायचं.

पाण्याला डिझेल किंवा कीटकनाशकाचा वास येत असेल तर यातलं काहीच चालत नाही. विहीर बंद करा, नमुना प्रयोगशाळेत पाठवा आणि अहवाल येईपर्यंत टँकरचंच पाणी प्या.