पॅकिंग लाइनवर नवीन मशीन येणार असेल तर

गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत औषध कारखान्यात पॅकिंगला असणाऱ्यांसाठी हे लिहितोय. पिळर्ण, कोलवाळ, कुंडईवाल्यांनाही बरंचसं लागू पडेल. मी उसगावचा, तिस्कावर कंपनीची बस पकडतो. आज लाइन सुपरवायझर असलो तरी सुरुवात केली ती टेबलावर बसून कार्टनमध्ये स्ट्रिप आणि माहितीपत्रक घालण्यापासून. मग कॅमेरा आला, स्ट्रिपा आपोआप कार्टनमध्ये भरणारा ऑटो कार्टोनेटर आला, वजन तपासणारं चेकवेयर आलं, कार्टनवर कोड छापणारी यंत्रणा आली. टेबलं एकेक करून उचलली गेली. टेबलावरची काही माणसं गेली, काही राहिली, आणि राहिलेली सगळीच काही आयटीआय झालेली नव्हती.

आमच्या भागात नोकरी जाणं म्हटलं की अजून खाणीच आठवतात. 2012 ला एकदा आणि 2018 च्या मार्चमध्ये पुन्हा, कोर्टाच्या आदेशामुळे टिपर जागच्या जागी उभे राहिले. तयारीला वेळच मिळाला नाही. मशीनचं तसं नसतं. ते येण्याच्या कितीतरी महिने आधी कारखान्यात खुणा दिसू लागतात. त्या ओळखता आल्या तर हातात वेळ असतो.

चाहूल कशी ओळखायची

मेंटेनन्सची माणसं टेप घेऊन तुमच्या लाइनभोवती मापं घ्यायला लागली, कॉम्प्रेस्ड एअरची नवी पाइप खाली उतरली, केबल ट्रे वाढली, की समजा. क्यूएच्या, म्हणजे दर्जा सांभाळणाऱ्या विभागाच्या टेबलावर 'चेंज कंट्रोल'चा, म्हणजे बदलाला मंजुरी घेण्याचा फॉर्म फिरत असतो. त्यात तुमच्या रूमचा नंबर आहे का, हे सुपरवायझरला सरळ विचारता येतं, गुपित नसतं ते. मोठं मशीन दारातून आत येत नाही, त्यामुळे क्लीनरूमच्या भिंतीचं पॅनल काढायची तारीख ठरते. आमच्याकडे असलं काम बहुतेक चवथीच्या सुट्टीला जोडून काढतात. आणखी एक खूण म्हणजे कुणी काम सोडलं की त्या जागी नवीन माणूस घेत नाहीत, ओव्हरटाइमवर भागवतात. ही खूण सगळ्यात आधी दिसते आणि तिच्याकडेच सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं, कारण ओव्हरटाइमचे पैसे हातात येत असतात.

आपल्या कामाचे तुकडे पाडा

'माझं काम जाणार का' असा प्रश्न विचारून उत्तर मिळत नाही. एका शिफ्टमध्ये आपण काय काय करतो ते घरी बसून कागदावर लिहा. स्ट्रिप मोजणं, कार्टन उघडणं, पत्रक घालणं, स्ट्रिपमधला रिकामा पॉकेट, म्हणजे गोळी नसलेला खळगा शोधणं, शिपर म्हणजे बाहेरच्या मोठ्या बॉक्सला टेप लावणं, हे सगळं मशीन घेणार. मग लाइन क्लिअरन्स, म्हणजे आधीच्या बॅचची एकही गोळी, एकही कार्टन मागे राहिलेलं नाही हे बघणं. बॅचच्या शेवटी हिशेब जुळवणं, किती फॉइल आलं, किती वापरलं, किती कार्टन फाडून टाकली. जॅम काढणं. प्रॉडक्ट बदलताना चेंज पार्ट, म्हणजे त्या गोळीच्या मापाचे सुटे भाग बदलणं. ही कामं आमच्या लाइनवर तरी माणसाकडेच राहिली आहेत, आणि मशीन जितकं वेगवान तितकी महाग झाली आहेत. मिनिटाला शेकडो स्ट्रिपा काढणारं मशीन तासभर बंद राहिलं की वरचे लोक कसे धावत खाली येतात ते सगळ्यांनी बघितलंय.

चेंजओव्हरचं, म्हणजे प्रॉडक्ट बदलताना मशीन बदलून घेण्याचं वेगळं सांगतो, कारण शिकायचं एकच काम निवडायचं झालं तर मी तेच निवडेन. गोळीचा आकार बदलला की फॉर्मिंग टूल बदलतं, सीलिंगचं टूल बदलतं, फीडरची पट्टी बदलते, कार्टोनेटरच्या चेनवरच्या कप्प्यांची रुंदी बदलते. मॅन्युअलमध्ये मापं असतात. पण पट्टी किंचित तिरकी बसली तर गोळ्या कोपऱ्यात अडकतात, आणि ते मशीन चालू करून कानाने ओळखावं लागतं. दोन चेंजओव्हर टेक्निशियनच्या बाजूला उभं राहून बघा, तिसऱ्याला स्पॅनर मागा. मागितल्याशिवाय कुणी देत नाही.

मशीन बसतं तेव्हा तिथे असा

सगळ्यात मोठी संधी हीच, आणि ती थोडेच आठवडे टिकते. मशीन बनवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर मशीन बसवायला येतो, तेव्हा आयक्यू, ओक्यू, पीक्यू, म्हणजे मशीन नीट बसलंय का, नीट चालतंय का आणि सतत बरोबर माल देतंय का, या चाचण्या होतात. त्या काळात मशीन मुद्दाम थांबवतात, मुद्दाम चुका घडवून बघतात, दार उघडं ठेवून चालवतात. नंतर बॅचचं प्रेशर सुरू झालं की तुम्हाला काही दाखवायला कुणाकडेच वेळ नसतो. म्हणून त्या टीममध्ये नाव घाला असं आधीच सांगून ठेवा, तोंडी आणि लेखी दोन्ही. साफसफाईला द्या म्हटलं तरी चालेल, आत पाय ठेवायला मिळाल्याशी मतलब.

इंजिनिअर बहुधा परप्रांतातला असतो, हिंदीत बोलतो, गेस्ट हाऊसवर एकटा असतो. दुपारी त्याच्या बरोबर जेवायला बसा. विचारायचं एकच: साहेब, हे मशीन दुसरीकडे कुठे कुठे बंद पडतं? मॅन्युअलमध्ये नसलेली माहिती तिथे मिळते.

ट्रेनिंग झालं की ट्रेनिंग रेकॉर्डवर तुमचं नाव आणि सही पडलीच पाहिजे. औषध कारखान्यात ज्याचं ट्रेनिंग नोंदलेलं नाही त्याला मशीन चालवायला देता येत नाही. उद्या ऑपरेटर कोण हे ठरवताना हीच यादी उघडतात. ट्रेनिंग शिफ्टच्या वेळेत ठेवा असाही आग्रह धरा. सुटल्यावर ठेवलं की बसने जाणाऱ्या बायका आपोआप गळतात, आणि टेबलं गेली तेव्हा आधी काम गेलं ते त्यांचंच. हे मी नुसतं बघितलेलं नाही, त्यावर मीटिंगमध्ये बोलून बोलून वाईटही झालोय.

कॅमेऱ्याला माणूस लागतो तो असा

आमच्या चेकिंग टेबलावर पेडण्याहून येणाऱ्या एक मावशी होत्या. शिक्षण जेमतेम. कॅमेरा आला तेव्हा सगळ्यांनी धरून चाललं की आता मावशी घरी बसणार. कॅमेऱ्याचं काम सोपं असतं: फॉइल बसण्याआधी प्रत्येक पॉकेटचा फोटो काढायचा, शिकवलेल्या फोटोशी ताडून बघायचा, जुळला नाही की ती स्ट्रिप बाहेर. पण तो नीट चालतोय हे सिद्ध करायला शिफ्टच्या सुरुवातीला चॅलेंज टेस्ट घ्यावी लागते. मुद्दाम बिघडवलेल्या स्ट्रिपा सोडायच्या आणि सगळ्या बाहेर पडतात का बघायचं. इंजिनिअरने नमुने केले ते रिकामा पॉकेट आणि अर्धी गोळी एवढेच. मावशी म्हणाल्या, अशा चुका कमीच होतात हो, जास्त होतं ते कड उडालेली गोळी, आणि एकावर एक चढलेल्या दोन. त्यांनी ट्रेमधून शोधून नमुने काढून दिले. त्यातला कड उडालेला नमुना कॅमेऱ्याने सरळ पास केला. क्यूएने तिथल्या तिथे सेटिंग पुन्हा करायला लावलं. आता नमुन्यांचा संच बदलायचा असला की आधी मावशींना बोलावतात.

दुसरी गोष्ट, कॅमेरा चांगल्या स्ट्रिपा फेकायला लागला की पहिली मागणी येते ती टॉलरन्स, म्हणजे किती फरक चालेल ती मर्यादा, सैल करा म्हणून. तसं करून घेऊ नका. आधी काच पुसा, लाइट बघा, डी-डस्टर भुकटी नीट ओढतोय का बघा. गोळीची भुकटी पॉकेटात पडली की कॅमेऱ्याला ती गोळी तुटलेली वाटते. यातलं काही नसेल तरच क्यूएला बोलवा. हे तीन-चारदा बरोबर केलं की लोक कॅमेऱ्यासाठी तुमचं नाव घ्यायला लागतात.

पासवर्ड

तुमचा आयडी कुणालाही देऊ नका. मित्राला नाही, शिफ्ट इन्चार्जलाही नाही. कोणत्या आयडीने कुठलं सेटिंग किती वाजता बदललं ते मशीनच्या ऑडिट ट्रेलमध्ये कायमचं राहतं. अमेरिकेला माल जाणाऱ्या कारखान्यांना यासाठी 1997 पासूनचा '21 सीएफआर पार्ट 11' हा नियम लागू आहे, आणि तिथले इन्स्पेक्टर ऑडिट ट्रेल उघडून बघतात. जुन्या टेबलावर 'माझ्या नावाने सही कर रे' चालून जायचं. आता त्याच सवयीने चांगली माणसं घरी जातात.

शिकायचं काय, किती पैशांत

पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारा कंट्रोलर, शिकवणाऱ्या ऑटोमेशनच्या क्लासला पन्नास हजार भरू का, असं तरुण पोरं विचारतात. आधी जाऊन बघ, की खरा पीएलसीचा किट टेबलावर आहे का, आणि त्याला हात लावू देतात का. नुसता प्रोजेक्टर असेल तर परत ये. लॅडर डायग्राम, म्हणजे पीएलसीचा प्रोग्राम, वाचायला शिकण्यापुरतं कोडेसिस हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या पोर्टलवरचे धडेही फुकट बघता येतात. दहावी-बारावीनंतर घरात कुणी असेल तर आयटीआयचा इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक किंवा केमिकल प्लांटचा मेंटेनन्स मेकॅनिक हे ट्रेड बघा. फक्त 'ऑपरेटर' होण्यासाठी आता मी कुणाला सल्ला देत नाही.

जे आधीच लाइनवर आहेत त्यांनी अलार्म लिस्टपासून सुरुवात करावी. मशीनच्या स्क्रीनवर येणारे अलार्म शेकडो असतात, रोजचे पंधरा-वीसच. प्रत्येकाचा सेन्सर कुठे आहे तो बोट ठेवून दाखवता आला पाहिजे. आत मोबाइल चालत नाही, सुटा कागदही चालत नाही आणि ते बरोबरच आहे. म्हणून शिफ्टमध्ये बघितलेलं मी परतीच्या बसमध्ये वहीत लिहायचो. बोरीचा पूल येईपर्यंत लिहून व्हायचं. बॅच नंबर, सेटिंगचे आकडे मात्र असल्या वहीत लिहायचे नाहीत, तो कंपनीचा माल.

कोड आणि सीरियलायझेशनचं, म्हणजे प्रत्येक खोक्याला वेगळा नंबर देण्याचं कामही आवर्जून मागून घ्या. 1 ऑगस्ट 2023 पासून देशात ठरावीक 300 ब्रँडच्या औषधांवर क्यूआर कोड सक्तीचा झाला, युरोपने फेब्रुवारी 2019 पासून बहुतेक प्रिस्क्रिप्शनच्या औषधांच्या प्रत्येक खोक्याला वेगळा नंबर मागितला. खोक्यांचे नंबर शिपरच्या नंबराशी जुळले नाहीत की माल गेटवर अडकतो. ते जुळवणारा माणूस पॅकिंगमधूनच तयार होतो, कारण खोकं नेमकं कुठे गळालं असेल हे त्यालाच कळतं.

कागदपत्रं

21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली, जुना 1947 चा औद्योगिक विवाद कायदा गेला. कामाचं तेवढं बघू. कामगार कपात होण्याची शक्यता असलेला यंत्रातला किंवा पद्धतीतला बदल करायचा असेल तर मालकाला 21 दिवस आधी नोटीस द्यावी लागते. वर्षभर सलग काम झालेल्या कामगाराला कमी करायचं तर किमान एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षाला 15 दिवसांचा सरासरी पगार. सर्वसाधारणपणे शेवटी आलेला आधी जातो. पुन्हा कौशल्य शिकण्यासाठी आणखी 15 दिवसांचा पगार 45 दिवसांत खात्यावर जमा व्हायला हवा; हा भाग नवीन आहे, त्यामुळे तो मिळाला की नाही हे विचारायचं लोकांच्या लक्षातच येत नाही. वर्षभरात पुन्हा भरती निघाली तर काढलेल्याला आधी विचारायचं असतं.

एक सावधगिरी. मशीन आलं की काहींना 'सुपरवायझर', 'ऑफिसर' अशी पदं वाटतात. महिना 18,000 रुपयांपेक्षा जास्त पगाराचा सुपरवायझर या कायद्याने कामगारात मोडत नाही. वाद झाला तर नुसतं पदाचं नाव पुरत नाही, प्रत्यक्ष काम काय करता तेही बघितलं जातं. पण ते सिद्ध करत बसण्यापेक्षा पत्रावर सही करण्याआधी एक रात्र घरी नेऊन वाचलेलं बरं. राजीनाम्याच्या कोऱ्या कागदावर सही मागितली तर करायचीच नाही, कितीही गोड बोलले तरी.

कंत्राटी पोरांनी तर आजच कामाला लागावं, कारण कंत्राट संपलं की हातात काही राहत नाही. पीएफ खात्याचा यूएएन नंबर स्वतःच्या मोबाइलला जोडा, उमंग अॅपवर दर महिन्याला पीएफ जमा होतोय का बघा, पगाराच्या स्लिपा आणि जुना गेटपास जपून ठेवा. ट्रेनिंगच्या प्रमाणपत्राची प्रत कंत्राटदाराकडे न ठेवता स्वतःकडे घ्या. दुसऱ्या कारखान्यात 'मी कार्टोनेटर चालवलाय' म्हणताना तीच दाखवायची.

पणजीत पाटोवर श्रमशक्ती भवन आहे, कामगार आयुक्तांचं ऑफिस तिथेच. अर्ज द्यायचा तर दोन प्रती न्या, एक त्यांना, आणि दुसरीवर आवक शिक्का व तारीख मारून घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.