कॅनालमधलं कॅल्शियम हायड्रॉक्साइड काढताना या चुका टाळा

रूट कॅनालच्या दुसऱ्या सिटिंगला पेशंटचं दुखणं थांबलेलं असतं, बाहेर चार जण ताटकळलेले, मग आपले नवे डॉक्टर टेम्पररी (दातावरचं तात्पुरतं सिमेंट) उडवतात, दोन सिरिंज सलाईन मारतात आणि लगेच कोन (कॅनाल भरायची गटापर्चाची काडी) हातात. अहो, जंतू मारायला आठवडाभर आत ठेवलेली कॅल्शियम हायड्रॉक्साइडची पेस्ट सलाईनने निघते होय? वरचं धुतलं जातं, मुळाच्या टोकाकडचे शेवटचे 3 मिमी तसेच.

मीही हे केलंय. एका काकूंची 36 (खालची डावी पहिली मोठी दाढ), मागच्या वेळी कोन लेंथला, म्हणजे कॅनालच्या मोजलेल्या लांबीला, बरोबर बसलेला, आता मेसिओलिंग्वल (पुढच्या मुळातल्या जिभेकडच्या) कॅनालमध्ये दीड मिमी अलीकडेच अडला. आरव्हीजीत (डिजिटल एक्स-रेत) खालची कॅनालची रेघच गायब. मी म्हटलं कॅल्सिफाय होऊन बुजला! आठ दिवसांत! साध्या कॅल्शियम हायड्रॉक्साइडची घनता फोटोत डेंटिनसारखीच दिसते, बेरियम सल्फेट घातलेलं नसेल तर भरलेला कॅनाल दिसेनासाच होतो, हे कॉलेजात शिकलो होतो पण ऐनवेळी आठवेल तर शपथ. जोर लावून मोठी फाईल फिरवली आणि माल अजून खाली ठासला. शेवटी 10 नंबरची बारीक के फाईल, टोक जरासं वाकवून, कॅनालमध्ये ईडीटीए (कॅल्शियम बांधून घेणारं द्रावण), आणि घड्याळाला चावी दिल्यासारखं हळूहळू. फाईलच्या खाचांत पांढरा चिखल, पुसायची, परत घालायची. चाळीस मिनिटं गेली, काकू बिचाऱ्या आ वासून.

तेव्हापासून माझं ठरलेलं, 17 टक्के ईडीटीए भरून मास्टर फाईल (कॅनाल घडवताना लेंथपर्यंत गेलेली सगळ्यात मोठी) लेंथपर्यंत हाताने, मग हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) आणि अल्ट्रासॉनिक टिप, लेंथच्या 1-2 मिमी अलीकडे, भिंतीला न टेकवता, वीस-वीस सेकंद तीनदा, दरवेळी ताजं हायपो. ईडीटीए आणि हायपो एकत्र ओतू नका, हायपोचा क्लोरीनच मरतो. सुई 30 गेजची, बाजूला भोक असलेली, आणि आत सैल हलली पाहिजे, अडकलेल्या सुईतून हायपो दाबलंत तर पेशंटचा गाल तासाभरात फुगतो.

आयोडोफॉर्मवाली पिवळी तेलकट पेस्ट पाण्यासारख्या द्रावणाला दाद देत नाही, तिथे वेळ दुप्पट धरा. युजेनॉलवाला सीलर (कोनभोवतीचं सिमेंट) वापरत असाल तर उरलेलं कॅल्शियम हायड्रॉक्साइड त्याच्याशी रिअ‍ॅक्ट होऊन तो आतल्या आत लवकर सेट होतो.

शंभर टक्के कुठल्याच पद्धतीने निघत नाही, हेही खरं. म्हणून भरण्याआधी मी कोरडा पेपर पॉइंट घालून लूपखाली टोक बघतो, पांढरं पीठ दिसलं की परत ईडीटीए, बाहेर कितीही जण बसलेले असोत.