बाल्साचं विमान पावसाळ्यात बांधताय? या चुका टाळा

बेळगावात जून ते सप्टेंबर विमान उडवायची सोय नसते, म्हणून बरेच जण रिमोटवर उडणाऱ्या मॉडेल विमानाचं, बाल्सा या अतिशय हलक्या लाकडाचं किट नेमकं तेव्हाच उघडतात. हाताशी वेळ असतो हे खरं, पण बाल्सासाठी वर्षातला सगळ्यात वाईट काळ तोच. हे लाकूड हवेतला दमटपणा भराभर ओढून घेतं. खानापूरकडच्या झडीत उघडी ठेवलेली दीड मिलिमीटरची फळी सकाळपर्यंत पन्हळासारखी वळलेली दिसते. तीच फळी दाबून चिकटवली की वाक लाकडात राहतोच, आणि पुढे पंखात उतरतो.

विमान पडलं की आधी रिमोटला आणि वाऱ्याला दोष दिला जातो. आधी पंख बघा. विमान डोळ्यांच्या उंचीवर धरून मागून, एक डोळा मिटून पाहा. दोन्ही पंखांची टोकं सारखी दिसली पाहिजेत. एका टोकाची मागची कड खाली वळलेली असेल, तर तो पंख वेगात जास्त उचल घेतो. मग विमान सरळ ठेवायला ट्रिम (रिमोटवरून कायमची हलकी दुरुस्ती) द्यावी लागते. उतरताना वेग कमी झाला की तोच पंख आधी स्टॉल होतो, म्हणजे त्याची उचल एकदम जाते, आणि विमान त्या बाजूला कोसळतं. वेगात एकीकडे ओढ आणि हळू असताना दुसरीकडे पडणं, ही पिळाची अगदी ठरलेली खूण आहे.

इस्त्रीने चिकटवायच्या प्लास्टिक फिल्मचं कव्हरिंग असलेल्या उघड्या सांगाड्याच्या पंखातला थोडा पीळ काढता येतो. एकाने पंख उलट दिशेला, पाहिजे त्यापेक्षा किंचित जास्त पिळून धरायचा, दुसऱ्याने सुरकुत्यांवरून इस्त्री फिरवायची, आणि थंड होईपर्यंत हात सोडायचा नाही. वरून पूर्ण बाल्साची फळी लावलेल्या पंखाला हा उपाय चालत नाही. म्हणून बांधतानाच काळजी घ्या. फ्लश डोअरचा सरळ तुकडा घ्या, पट्टी आडवी, उभी, तिरकी ठेवून तो तपासा, त्यावर टाचण्या रुततील असा मऊ बोर्ड, मग विमानाचा नकाशा आणि वर बटर पेपर. गोंद नुसता धरला म्हणून सांगाडा उचलू नका, रात्रभर टाचण्यांतच राहू द्या. किट बंद कपाटात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. सांगाडा पावसाळ्यात झाला तरी कव्हरिंगला दसऱ्यापर्यंत थांबा. ओल्या लाकडावर ताणलेली फिल्म, लाकूड वाळून आकसलं की सैल पडते.

दुसरी मोठी चूक वजनाची. किटमधल्या सगळ्या फळ्या सारख्या नसतात. हातात घेऊन, जमल्यास स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून वेगळ्या करा. कडक आणि जड पट्ट्या स्पारला (पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या मुख्य दांड्याला), सगळ्यात हलक्या शेपटाला. शेपूट तोलबिंदूपासून ६० सेंटिमीटर आणि नाक २० सेंटिमीटर असेल, तर शेपटातल्या जादा १० ग्रॅमसाठी नाकात ३० ग्रॅम शिसं घालावं लागतं. म्हणजे ४० ग्रॅम फुकट. गोंदही तसाच जपून वापरा. सांधा नीट बसत नसेल तर पॉलिश पेपरने घासून बसवा, फट गोंदाने भरू नका.

तोल बॅटरी आत ठेवूनच बघायचा. नकाशावर तोलबिंदू दिलेला नसेल, तर सरळ आयताकृती पंखाला पुढच्या कडेपासून रुंदीच्या २५ ते ३० टक्क्यांवर धरा. २४ सेंटिमीटर रुंदीला ६ ते ७ सेंटिमीटर. हवेत विमान सारखं वरखाली करत असेल आणि रिमोटच्या स्टिकला जरासं हलवताच उसळत असेल, तर तोल मागे गेला आहे. बॅटरी पुढे सरकवा.

मोटार जिच्यावर बसते ती फायरवॉल बऱ्याच किटमध्ये किंचित खाली आणि उजवीकडे कललेली असते. ते कापण्यात चुकलंय असं समजून काही जण ती घासून सरळ करतात. मग थ्रॉटल दिला, म्हणजे मोटारीचा वेग वाढवला, की विमान नाक वर करून डावीकडे ओढतं. तो कल मुद्दाम दिलेला असतो, त्याला हात लावू नका. फायरवॉल मात्र सावकाश वाळणाऱ्या इपॉक्सीनेच चिकटवा.

हिंज बसवल्यावर प्रत्येक एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी) ओढून बघा. प्रॉपेलर काढून ठेवा, विमानाच्या मागे उभे राहा आणि स्टिक उजवीकडे द्या: उजवा एलेरॉन वर गेला पाहिजे. स्टिक स्वतःकडे ओढली की एलेव्हेटर, म्हणजे शेपटाची आडवी हलती पट्टी, वर. मग रिमोट बंद करा. मोटारीचा थ्रॉटल शून्यावर आला नाही, तर फेलसेफ (सिग्नल तुटताच मोटार बंद करणारी सोय) लावल्याशिवाय मैदानावर जाऊ नका.

जागेचंही आधी बघा. सांबऱ्याला विमानतळ आणि हवाई दलाचं केंद्र आहे, तेव्हा डिजिटल स्काय या सरकारच्या ड्रोनसाठीच्या हवाई हद्दीच्या नकाशावर आपलं ठिकाण तपासा. भातकापणीनंतर मसूर-हरभरा पेरलेला नाही असं शिवार शोधा, मालकाला विचारा, आणि वारा उठायच्या आत, सकाळीच पहिलं उड्डाण घ्या.