लेगोच्या जुन्या वळणाच्या रेडिओतून आवाज दबका येतोय? फोन उलटा ठेवा

लेगोचा तो ९०६ तुकडे जोडून बनवायचा रेट्रो रेडिओ आहे ना, त्याच्यातल्या साऊंड ब्रिकमधून, म्हणजे आवाज काढणाऱ्या तुकड्यातून, ठरलेलेच आवाज येतात, म्हणून आत फोन ठेवायची पण सोय दिलीय, पण फोन सरळ उभा ठेवला की आवाज एकदम घोंगडीखालून आल्यासारखा येतो. कारण साधं आहे, बहुतेक फोनचा मेन स्पीकर खालच्या कडेला असतो आणि तीच कड तळावर टेकून बंद होते.

१. फोन उलटा ठेवा, चार्जिंगचं भोक वर.
२. खाली रुमालाची एक घडी टाका, नाहीतर तुकडे खरखरतात. हे विसरू नका, मोठा फरक पडतो.
३. ठेवायच्या आधी आवाज ८० टक्क्यांच्या आसपास सेट करा, फोन डू नॉट डिस्टर्बवर टाका आणि स्टेशन लावून मग आत सरकवा, नंतर बटणं सापडत नाहीत.
४. मागची बाजू उघडी ठेवून रेडिओ भिंतीपासून वीतभर पुढं ठेवा, भिंतीवर आपटून आवाज भरून येतो.

आमच्याकडं सांगलीत सकाळी न्यूजऑनएअर ॲपवर आकाशवाणी लावतो, आजी चहाचा कप हातात धरून रेडिओच्या जाळीकडं बघत बसते, "आमच्या मर्फीसारखाच की रे" म्हणते. तेवढ्यासाठी तरी करून बघाच.

फक्त फोन आत असताना चार्जिंगला लावू नका, लय तापतो.