लिपिड प्रोफाईलचा रिपोर्ट आला, आता बघायचं काय त्यात?

लिपिड प्रोफाईल म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी, तिच्या रिपोर्टची पीडीएफ मोबाईलवर येते, आपण ती बोटांनी मोठी करून ठळक अक्षरातले आकडे शोधतो, टोटल कोलेस्टेरॉल २०० च्या वर दिसलं की घरात तूप बंद आणि २०० च्या आत असलं की रविवारी मिसळ पक्की. माझं स्पष्ट मत, नुसत्या टोटलवरून काहीही ठरवू नका.

आधी टेस्ट कशी दिली ते बघा. सांगितलं असेल तर ९ ते १२ तास उपाशीपोटी जायचं, पाणी चालतं, अमृततुल्यचा कटिंग चालत नाही. आणि "आज संकष्टी आहे हो, फक्त साबुदाण्याची खिचडी खाल्लीय" हे लॅबच्या हिशोबात पोटभर जेवण आहे! हल्ली बरेच डॉक्टर उपाशी नसलात तरी चालेल म्हणतात, तेही बरोबरच, कारण खाण्याने एलडीएल ('वाईट' कोलेस्टेरॉल) आणि एचडीएल ('चांगलं') फार हलत नाहीत, ट्रायग्लिसराईड्स (रक्तातली दुसरी चरबी) मात्र वर जातात, आदल्या रात्री मित्रांबरोबर 'बसला' असाल तरी जातात. नुकतंच मोठं आजारपण झालं असेल तर थोडे आठवडे थांबून द्या, तेव्हाचे आकडे फसवे येतात.

आता कागद पेन घ्या. समजा कोथरूडच्या एका काकांचं टोटल १९६, एचडीएल ३६, ट्रायग्लिसराईड्स २४०. काकूंचं टोटल २१४, एचडीएल ६६, ट्रायग्लिसराईड्स ९०. काकूंच्या टोटलपुढे 'हाय'चा शिक्का, म्हणून टेन्शन त्यांना, काका खुशीत. पण टोटलमधून एचडीएल वजा करा, काकांचे उरले १६० आणि काकूंचे १४८. याला नॉन-एचडीएल म्हणतात, म्हणजे रक्तवाहिन्यांत साचून त्रास देऊ शकेल असा सगळा माल यात आला. उलटंच निघालं ना? एचडीएल टोटलमध्येच धरलेलं असतं, म्हणून हा घोळ.

एलडीएल बऱ्याच लॅब थेट मोजत नाहीत, हिशोबाने काढतात: ट्रायग्लिसराईड्सला ५ ने भागलं की व्हीएलडीएल (ट्रायग्लिसराईड्स वाहणाऱ्या कणांतलं कोलेस्टेरॉल), मग टोटलमधून एचडीएल आणि व्हीएलडीएल वजा. काकांचं ११२ येतं, काकूंचं १३०. मग नुसतं एलडीएल बघितलं तर काकांचा आकडा परत बरा, बरोबर, म्हणूनच ट्रायग्लिसराईड्स वाढलेले असताना नॉन-एचडीएल जास्त खरं बोलतं. आणि ट्रायग्लिसराईड्स ४०० च्या वर असतील तर हे सूत्र चालतच नाही, मग 'डायरेक्ट एलडीएल' करून घ्यावं लागतं. ५०० च्या वर गेले तर स्वादुपिंडाला सूज यायची भीती असते, तेव्हा वाट बघत बसू नका.

सगळ्यात महत्त्वाचं, रिपोर्टच्या उजव्या बाजूला छापलेली रेंज सगळ्यांना एकच असते, तुमची मर्यादा वेगळी असू शकते. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये जे सांगितलं त्याप्रमाणे धोका कमी असेल तर एलडीएल १०० च्या आत आणि नॉन-एचडीएल १३० च्या आत, डायबेटिस किंवा बीपीवाल्यांना एलडीएल ७० च्या आत, आणि हार्ट अटॅक किंवा स्ट्रोक होऊन गेलाय त्यांना ५५ च्या आत. म्हणजे अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाचं ९८ आलं तर लॅबवाला 'नॉर्मल' छापेल, पण डॉक्टर गोळी वाढवतील, आणि त्यात डॉक्टरचं काही चुकत नाही.

आपल्याकडे काकांसारखा रिपोर्ट खूप कॉमन, एचडीएल कमी (पुरुषांत ४० च्या खाली, बायकांत ५० च्या) आणि ट्रायग्लिसराईड्स १५० च्या वर. अशा वेळी तुपाच्या चमच्यापेक्षा साखर, मैदा, भाताचा डोंगर, दारू आणि पोट यांच्याकडे आधी बघा. तळजाईच्या टेकडीवर रोज चालून फायदा होतोच, फक्त उतरल्यावर वडापाव नको. आणि शेंगदाणा तेलाच्या डब्यावर 'कोलेस्टेरॉल फ्री' बघून भाळू नका, कुठल्याही वनस्पती तेलात ते नगण्यच असतं.

एलडीएल १९० च्या पुढे असेल तर नुसत्या खाण्यावर ढकलू नका, ते घराण्यातूनही येतं, मग भावंडांची आणि मुलांची पण टेस्ट करा. थायरॉईड कमी काम करत असेल तरी कोलेस्टेरॉल वाढतं, त्यामुळे टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) करायचं का विचारा. लायपोप्रोटीन ए (एलडीएलसारखाच, पण वारशाने ठरणारा कण) नावाची एक टेस्ट आयुष्यात एकदा केली तरी पुरते, घरात कुणाला लवकर हार्टचा त्रास झाला असेल तर नक्की करा.

लंडनचा भाचा "माझं ५.२ आलंय" म्हणाला तर हेवा करू नका, तिकडचं एकक वेगळं (तिकडे mmol/L, आपल्याकडे mg/dL), साधारण ३९ ने गुणलं की आपला आकडा येतो. ट्रायग्लिसराईड्सला मात्र ८९ ने.

स्टॅटिनची (कोलेस्टेरॉल कमी करणारी) गोळी सुरू झाली असेल तर परत टेस्ट साधारण ६ ते ८ आठवड्यांनी, शक्यतो त्याच लॅबमध्ये. आकडा छान खाली आला म्हणून गोळी परस्पर बंद करू नका, तो गोळीमुळेच आलाय, आणि अंग दुखतंय वगैरे असेल तर डॉक्टरला सांगा, डोस किंवा गोळी बदलता येते.