सड्यावरचा सरडा, पानामागचा कोळी: भटकंतीत जीव शोधण्याची आणि टिपण्याची रीत

सह्याद्रीतल्या कुठल्याही पायवाटेने दोन तास भरभर चालणाऱ्याला एखादे फुलपाखरू आणि पळून जाणारा एखादा सरडा दिसतो. त्याच वाटेच्या पहिल्या दोनशे पावलांत दोन तास रेंगाळणाऱ्याला मात्र वहीचे पान भरेल इतके जीव सापडतात. म्हणून गडमाथा गाठायचा असेल त्या दिवशी कॅमेरा पिशवीतच राहू द्यावा, आणि छायाचित्रणासाठी निघाल्यावर माथ्याचा विचार सोडून द्यावा.

कीटक शोधायचे तर आधी झाडे ओळखता आली पाहिजेत. रुईच्या पानांवर पट्टेरी अळ्या असतात, पानफुटीच्या जाड पानाच्या आत शिरून एक अळी गर खाते, आणि लिंबू-कढीपत्त्यावर लहानपणी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी बसलेली असते. पानाची कुरतडलेली कडा, खालच्या पानावर पडलेल्या बारीक काळ्या गोळ्या, गुंडाळलेले पान या खुणा दिसल्या की थांबावे आणि पान न तोडता खाली वाकून त्याची मागची बाजू पाहावी. मुंग्यांची रांग देठावरून सतत वर-खाली करत असेल तर तिच्या मागोमाग नजर न्यावी. बहुतेक वेळा ती मावा या रस शोषणाऱ्या किडीच्या गोड स्रावापर्यंत पोहोचवते.

कोकणात आणि घाटउतारांवर पाने शिवून घरटे करणाऱ्या तांबूस मुंग्या, म्हणजे ओंबील, सर्वांच्या परिचयाच्या आहेत. त्यांच्या आसपासच्या पानांवर एकटीच फिरणारी एखादी ‘मुंगी’ दिसली तर तिचे पाय मोजावेत. पुढचे दोन पाय मिशांसारखे उचलून धरून ती चालते, पण पाय आठ भरतात. बोट जवळ नेले की ती वळून समोर पाहते आणि क्षणात धाग्यावरून खाली लोंबकळते. तो मुंगीचे सोंग घेतलेला उडी मारणारा कोळी असतो. (कोळी आणि विंचू शास्त्राच्या दृष्टीने कीटक नव्हेत, परंतु त्यांना शोधण्याची रीत तीच आहे.) पहिल्यांदा तो मला दिसला तेव्हा फोटो काढायचे भान राहिले नाही, आणि त्याची मला आजही खंत वाटत नाही.

सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी वेळ आणि ऊन यांचे गणित जमवावे लागते. सकाळी ऊन अंगावर घेताना ते एका जागी स्थिर असतात आणि अंग तापले की चपळ होतात. याला सुंदर अपवाद साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर उन्हाळ्यात पाहायला मिळतो. तिथल्या पंखगळ्या सरड्याची ‘सरडा सुपर्बा’ ही जात 2016 साली नव्याने नोंदवली गेली आणि तिच्या प्रजातीला आपलाच ‘सरडा’ हा शब्द मिळाला. विणीच्या काळात नर उंचशा दगडावर चढतो आणि गळ्याखालचा निळा, काळा व नारिंगी पंखा उघडतो. तो क्षणभरच उघडा राहतो. त्याचा पाठलाग करू नये. तो पुन्हा पुन्हा त्याच दगडावर येतो, म्हणून दगडापासून पाच-सहा मीटरवर जमिनीवर पालथे पडून वाट पाहावी, 300 ते 400 मिलिमीटरची लेन्स त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर ठेवावी आणि शटर सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षा वेगवान ठेवावे. त्याने पंखा मिटून अंग जमिनीला चिकटवले, तर आपण जास्त जवळ गेलो आहोत असे समजून मागे सरकावे.

सड्यावरचे, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावरचे, दगड उलटण्याचा मोह टाळावा. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या जांभ्या सड्यांवर दगडाखाली फुरसे असू शकते, आणि ते नसले तरी पालीची अंडी किंवा विंचवाचे घर आपण उघडे पाडतो. चापड्यासारखा विषारी साप झुडपावर तासन्‌तास हलत नाही, म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाही. त्याच्यापासून निदान दोन मीटर अंतर राखावे आणि त्याचा फोटो मोबाइलने जवळ जाऊन कधीही काढू नये. आपल्याकडची सर्पविषप्रतिबंधक लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर बनते, चापड्याच्या नाही. दंश झालाच तर जखम कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. दंश झालेला अवयव स्थिर ठेवून 108 क्रमांकावर फोन करावा आणि थेट रुग्णालय गाठावे.

रात्री बॅटरी कानशिलाजवळ, नजरेच्या रेषेत धरली तर गवतात हिरवट-निळे ठिपके चमकतात. ते दवाचे थेंब नसून लांडगा-कोळ्यांचे डोळे असतात. सरडे फांदीच्या टोकाला फिकट पडून झोपलेले सापडतात, त्यांचे एक-दोन फोटो पुरेत. मे अखेरीस काजव्यांच्या झाडाजवळ मात्र फ्लॅश आणि बॅटरी दोन्ही बंद ठेवावे, कारण त्यांचे मीलन प्रकाशाच्या खुणांवरच चालते. राखीव जंगलात वा अभयारण्यात रात्री फिरण्यासाठी वनखात्याची परवानगी लागते.

लहान जीवांसाठी 90 ते 105 मिलिमीटरची मॅक्रो लेन्स, छिद्र एफ-8 ते एफ-11, शटर सेकंदाचा दोनशेवा भाग आणि फ्लॅशपुढे पांढऱ्या फोमचा किंवा बटर पेपरचा पडदा इतके पुरते. पूर्ण मोठेपणावर, म्हणजे लेन्स जास्तीत जास्त जवळ नेऊन फोटो काढताना, स्पष्ट दिसणारी खोली जेमतेम एक-दोन मिलिमीटर असते, म्हणून कॅमेरा जीवाच्या अंगाला समांतर धरावा आणि डोळा आधी नेमका करावा. मोबाइलला क्लिपची लेन्स लावली असेल तर पडद्यावर बोट मारत बसण्यापेक्षा हातच पुढे-मागे डोलवत नेमकी जागा साधावी. पावसाळ्यात ढगांखालचा मऊ उजेड फ्लॅशपेक्षा कितीतरी सरस असतो, तो मिळाला तर पडदा पिशवीबाहेर काढूच नये, फ्लॅश बंद करावा. फोटो नीट यावा म्हणून जीवाला पाणी मारणे, थंड करून सुस्त करणे, आडवी येणारी डहाळी तोडणे ही कामे करू नयेत. डहाळी आड येत असेल तर आपण जागा बदलावी.

घरी आल्यावर तारीख, वेळ, झाडाचे नाव आणि जीव काय करत होता हे त्याच दिवशी लिहून ठेवावे, कारण महिन्याभराने फोटो तेवढा उरतो आणि झाड आठवत नाही. ओळख पटत नसेल तर आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद टाकावी. चापड्यासारखा साप कधी कधी दिवसचे दिवस एकाच झुडपावर राहतो, तेव्हा त्याचे नेमके ठिकाण उघड केल्यास तिथे हाताळणारी माणसे पोहोचतात. म्हणून साप, घोरपड आणि दुर्मीळ सरडे यांचा फोटो टाकण्यापूर्वी त्यातली स्थानाची माहिती पुसावी आणि फक्त तालुक्याचे नाव द्यावे.