वाळताना कपांचे कान सुटत होते, त्यावर सापडलेला उपाय

नववीच्या मुलांनी मातीच्या कपांना कान जोडले की दोन दिवसांत जोडावर केसाएवढी चीर दिसायची, आणि चौथ्या दिवशी कान हातात. एका मुलीने तुटलेला कान मुकाट माझ्या टेबलावर आणून ठेवला, तेव्हा मला फार ओशाळल्यासारखं झालं.

आधी रबडी (जोडायला लावतात ती पाण्यात कालवलेली माती) जाड लावून पाहिली. मग पांढरा गोंद (तो भट्टीत जळून जाणार, हे मलाच सुचायला हवं होतं).

खरी भानगड वेळापत्रकात होती. तास आठवड्यातून एकदाच. तोवर कप वाळून आकसलेला असायचा आणि कान ताजा, ओला. मागाहून कान आकसला की जोड फाटणारच.

आता कप झाल्याबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधतो. पुढच्या तासाला आधी कानासाठी मातीच्या लांबट वळ्या करून उघड्यावर ठेवायच्या. वाकवल्यावर आकार धरून राहिल्या की जोडायला घ्यायच्या. कपावर नखाचा ओरखडा उठावा, पण बोटाने दाबल्यावर कप चेपला जाऊ नये. दोन्हीकडे जुन्या काट्याने खोल रेघा, त्याच मातीची दह्याएवढी दाट रबडी, मग कान दाबून किंचित डावी-उजवीकडे हलवायचा. तो रुतून बसल्याचं हाताला कळतं. जोडाभोवती सुतळीएवढी वळी फिरवून लाकडी पट्टीने सारखी करायची. कप पुन्हा पिशवीत, दोन दिवस. नंतर वर्तमानपत्राखाली सावकाश वाळवायचा, पंखा बंद. कान बारीक म्हणून आधी वाळतो, त्याला प्लास्टिकची पट्टी गुंडाळून ठेवायची.

मागच्या भट्टीतून सगळे कान शाबूत निघाले. एका कपाचा बूड तडकला, पण तो वेगळा विषय.